हाताने तपासलंय, मग टेस्ट कशाला?

पत्र:

ताई, मी सांगलीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही इथल्या एका साप्ताहिकाची वेबसाइट जँगोवर, म्हणजे पायथन भाषेतल्या वेबसाइट बांधायच्या साधनावर, बांधली. बातमीच्या शीर्षकावरून यूआरएलचा तुकडा, म्हणजे स्लग, आपोआप तयार होतो. युनिकोड (जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी व्यवस्था) चालू ठेवलं तरी शीर्षकातल्या सगळ्या काना-मात्रा गळून पडतात. ‘मराठी’चं ‘मरठ’ होतं, ‘पुणे’चं ‘पण’. मी जँगो ५.२ चा कोड उघडला, स्लगिफाय फंक्शनमधली ती ओळ शोधली आणि त्यात देवनागरीचा युनिकोड पट्टा घातला. शेलमध्ये, म्हणजे कोड लगेच चालवून बघायच्या खिडकीत, भरपूर शब्द टाकून पाहिले, आमच्या साइटवर लावून पाहिलं, सगळं चालतंय. बदल जँगोला पाठवावा म्हणून त्यांची नियमावली उघडली, तर ती संपेचना. ओपन सोर्समध्ये, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडच्या कामात, मुरलेल्या एका सीनियरला दाखवलं. ते म्हणाले, “तिकीट नाही, टेस्ट नाही, हे असंच परत येणार.” तिकीट म्हणजे दोषाची नोंद, टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का ते आपोआप तपासणारा छोटा कोड. एका ओळीसाठी एवढं? टीम लीड म्हणतो, फुकटची हमाली कशाला, आपल्या प्रोजेक्टपुरतं फंक्शन लिही आणि मोकळी हो. मित्र म्हणतो, टेस्ट एआयकडून लिहून घे. पाठवू की सोडून देऊ? आणि अ‍ॅडमिनमध्ये (साइटचा मजकूर भरायची जँगोची पानं) काही वाक्यं अजून इंग्रजीतच दिसतात, त्यांचं मराठी भाषांतरही याच पुल रिक्वेस्टमध्ये, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंतीत, टाकू का?
– प्रा., सांगली

उत्तर:

प्रिय प्रा.,

तू शोधलेला दोष खरा आहे आणि तो किरकोळ नाही. ‘पुणे’, ‘पाणी’ आणि ‘पण’ या तिन्ही शब्दांचा स्लग ‘पण’ होतो. ‘काळे’, ‘केळी’, ‘कोळी’ या तिघांचा ‘कळ’. बातम्यांच्या साइटवर हे चालवून घेण्यासारखं नाहीच. तू कुरकुर करून थांबली नाहीस, थेट कोड उघडलास, याचं मला फार अप्रूप वाटतं. म्हणून तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधीच देते: पाठव. फक्त आज तुझ्याकडे जसा आहे तसा बदल पाठवू नकोस. कारण तो अजून पुरा झालेला नाही, आणि हे तुला दाखवून देईल ती टेस्टच.

आधी मुळाशी जाऊ. या दोषाचं मूळ जँगोच्याही खाली, पायथनमध्ये आहे. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या खुणांमध्ये, बॅकस्लॅश डब्ल्यू लिहिलं की त्यात अक्षरं, अंक आणि अंडरस्कोअर येतात. युनिकोडच्या वर्गवारीत क, म, ठ ही ‘लेटर’ आहेत, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडायची खूण यांचा वर्ग वेगळा आहे, ‘मार्क’. पायथनचं डब्ल्यू त्या वर्गाला मोजत नाही. पायथनच्या दोषांच्या यादीत ही तक्रार २०११ मध्येच नोंदली गेली आहे. जँगोचं स्लगिफाय फंक्शन आधी मजकूर लहान लिपीत (कॅपिटलऐवजी स्मॉल अक्षरांत) आणतं, मग डब्ल्यू, मोकळी जागा आणि डॅश यांत न बसणारं सगळं काढून टाकतं. त्यात आपल्या मात्रा जातात. बंगालीच्या जातात, तमिळच्या जातात, गुजरातीच्याही जातात. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता तुझा बदल. ०९०० पासून ०९७एफ पर्यंतच्या युनिकोड क्रमांकांचा, देवनागरीचा सगळा पट्टा ‘हे ठेवा’ म्हणून सांगायचा. वाचायला सोपा आहे आणि तू टाकलेल्या शब्दांवर चालतो. पण तू टाकलेले शब्द हे तुला सुचलेले शब्द होते, आणि आपल्याला नेमके तेच शब्द सुचतात ज्यांचा आपण आधीच विचार केलेला असतो. टेस्ट लिहायला बसलं की विचाराची दिशा उलटते: हे कुठे मोडेल? चल, तुझ्याच ओळीवर बसून बघू.

त्या पट्ट्यात फक्त अक्षरं आणि मात्रा नाहीत. ०९६४ वर दंड आहे, ०९६५ वर दुहेरी दंड. मराठीत आपण पूर्णविराम टिंबाने देतो म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल, पण हिंदीत वाक्य दंडानेच संपतं. आजचं स्लगिफाय दंड काढून टाकतं, आणि ते बरोबर आहे. तुझ्या बदलानंतर तो दंड यूआरएलमध्ये जाऊन बसेल. म्हणजे मराठीचा दोष काढताना हिंदीत एक नवा दोष घातला गेला.

पुढची टेस्ट आपल्या घरातली आहे. ‘दुसर्‍या’ हा शब्द घे. यातला आडवा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, ते ०९३१ वर आहे, तुझ्या पट्ट्यात बसतं. पण कित्येक जण अजून र, मग हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर अशा क्रमाने तो र काढतात. हा जॉइनर डोळ्यांना दिसत नाही आणि तो २००डी वर आहे, तुझ्या पट्ट्याच्या कितीतरी बाहेर. तुझ्या कोडने तो गळेल आणि ‘दुसर्‍या’चं ‘दुसर्या’ होईल, म्हणजे आडव्या र चा रफार होईल. साप्ताहिकाचे बातमीदार वेगवेगळ्या कीबोर्डवरून लिहितात, तेव्हा हे केव्हातरी होणारच.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तू लिहिलं आहेस की साइटवर लावून पाहिलं, चाललं. मला वाटतं तुमच्या कोडमध्ये स्लग तयार होऊन थेट सेव्ह होत असणार. जँगोत मॉडेलची, म्हणजे डेटाबेसमधल्या नोंदीची, सेव्ह पद्धत व्हॅलिडेटर (भरलेला मजकूर नियमात बसतो का ते पाहणारा कोड) चालवत नाही, व्हॅलिडेटर चालतात ते फॉर्ममधून किंवा फुल क्लीन ही तपासणी बोलावल्यावर. आता तोच ‘पुणे’ हा स्लग अ‍ॅडमिनच्या फॉर्ममध्ये टाकून पाहा. युनिकोडची परवानगी असलेलं स्लगफील्डसुद्धा (स्लगचा रकाना) तो नाकारेल, कारण त्याच्या व्हॅलिडेटरमध्येही तेच डब्ल्यू बसलेलं आहे. म्हणजे तुझ्या बदलानंतर जँगोचं एक फंक्शन असा स्लग तयार करील जो जँगोचंच दुसरं फंक्शन चुकीचा ठरवील. ‘स्लगिफायने दिलेलं उत्तर व्हॅलिडेटरला मान्य व्हावं’ अशी साधी टेस्ट लिहिली असतीस तर हे लगेच उघडं पडलं असतं.

आणि अ‍ॅडमिनमध्ये शीर्षक टाइप करत असताना शेजारच्या रकान्यात स्लग आपोआप उमटतो ना, तो पायथनमधून येतच नाही. ते काम यूआरएलिफाय नावाचं जावास्क्रिप्ट करतं. त्यातही फक्त ‘लेटर’ आणि ‘नंबर’ हे वर्ग राखले आहेत, ‘मार्क’ नाही. म्हणजे एकाच दोषाची दुसरी प्रत तिथे आहे.

तू म्हणशील, ठीक आहे, मग पट्टा सोडून देऊ आणि सरळ ‘मार्क’ हा अख्खा वर्गच राखू. त्यात बंगाली, तमिळ, सगळ्यांचंच भलं होईल आणि दंडही बाहेर राहील. विचार उत्तम आहे, तुझ्या पहिल्या ओळीपेक्षा कितीतरी चांगला. पण तो केल्यावर जँगोची जुनी टेस्ट पडेल. टेस्ट फोल्डरात यूटिल्सच्या चाचण्यांमध्ये मजकुराच्या फंक्शनांची एक फाइल आहे, तिच्यात स्लगिफायची यादी आहे: दिलेला मजकूर, अपेक्षित उत्तर, युनिकोड हवं की नको. त्या यादीत चिनी अभिवादन आहे, तुर्की अक्षरं आहेत आणि ‘इस्तंबूल’ आहे, तुर्की पद्धतीचा, डोक्यावर टिंब असलेल्या मोठ्या आयने सुरू होणारा. पायथनमध्ये त्या आयला लहान लिपीत आणलं की दोन खुणा तयार होतात: साधा लहान आय आणि त्याच्यावर बसणारं एक सुटं टिंब. ते टिंब ‘मार्क’ वर्गातलं आहे. टेस्ट म्हणते, उत्तरात ते टिंब नको. तू सगळे मार्क राखलेस की ते टिंबही राहील आणि टेस्ट लाल होईल.

ही टेस्ट उगाच आलेली नाही. २०१९ मध्ये कुणीतरी तिकीट उघडलं होतं, क्रमांक ३०८९२: या तुर्की अक्षरासाठी स्लगिफाय चुकीचा स्लग देतं. दुरुस्ती अगदी लहान होती, लहान लिपीत आणायचं काम आधी आणि गाळायचं काम नंतर, असा क्रम बदलला. पण त्या कमिटमध्ये, म्हणजे एकत्र नोंदलेल्या बदलात, पायथनबरोबर अ‍ॅडमिनचं यूआरएलिफायही दुरुस्त केलं गेलं आणि दोन्हीकडे टेस्ट आली. तो कमिट उघडून वाच. जँगोला कसा बदल हवा असतो हे कुठल्याही नियमावलीपेक्षा तुला त्यात लवकर दिसेल, आणि योगायोगाने तो तुझ्याच फंक्शनचा आहे.

त्या टेस्टने काय केलं बघ. ज्याने ती लिहिली त्याला मराठीची कल्पना असायचं कारण नाही. तुला तुर्की येत नाही. तरी तुझ्या हातून तुर्की वाचकाचं नुकसान होणार नाही याची व्यवस्था तो करून गेला. आता तुझी पाळी. तुझा बदल तपासणाऱ्या माणसाला बहुधा देवनागरी वाचता येणार नाही. ‘पुणे’ आणि ‘पण’ यांत फरक आहे हेच त्याला डोळ्यांनी कळणार नाही. तू पत्रात लिहिलंस, शेलमध्ये तपासलं. त्याने ते कसं पडताळायचं? आणि अजून पाच वर्षांनी कुणी ती ओळ वेग वाढवण्यासाठी पुन्हा लिहायला घेतली, तू तेव्हा भलत्याच कामात असलीस, तर मराठीच्या वतीने तिथे कोण बोलणार? टेस्ट बोलेल. दुसरं कुणीही नाही. मला हे इतकं मनापासून वाटतं, कारण आपल्या भाषांना सॉफ्टवेअरमध्ये जागा मिळते ती बहुतेकदा एखाद्याच्या चिकाटीने, आणि टेस्ट नसली की ती जागा पुढच्या कुणाच्या नकळत केलेल्या बदलाने जाते.

म्हणून तुझी टेस्ट अशी लिही की मराठी न येणाऱ्यालाही वाचता यावी. प्रत्येक उदाहरणाच्या वर एक ओळीची टिप्पणी: हे मात्रेसाठी, हे अनुस्वारासाठी, हे हलन्तासाठी, हे जॉइनरसाठी, हा दंड गळला पाहिजे म्हणून. जॉइनरसारखी न दिसणारी खूण फाइलमध्ये तशीच चिकटवू नकोस, तिचा युनिकोड क्रमांक एस्केप करून लिही. नाहीतर एडिटरने किंवा कॉपी-पेस्टने ती कधी गायब झाली हे कुणालाच कळायचं नाही. आणखी एक खाचखळगा: स्लगिफाय मजकुराचं एनएफकेसी सामान्यीकरण करतं, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं असलं तरी ते एका ठरलेल्या रूपात आणतं. नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असलेली हिंदी अक्षरं, क़ आणि ज़ वगैरे, त्यात फुटून मूळ अक्षर अधिक सुटा नुक्ता अशी होतात. अपेक्षित उत्तरात तू जोडलेलं अक्षर लिहिलंस तर पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतील आणि टेस्ट मात्र पडेल. तेव्हा गोंधळून जाऊ नकोस, दोन्हींची लांबी छापून बघ.

जँगोच्या तपासनिसांच्या यादीत दोषांसाठी एक प्रश्न ठरलेला आहे: दुरुस्ती लावण्याआधी ही टेस्ट पडते का? याला बगल देऊ नकोस. आधी टेस्ट लिही, दुरुस्ती बाजूला ठेव, मूळ कोडवर ती चालव आणि ती तुला वाटलेल्या कारणानेच पडते हे डोळ्यांनी बघ. इम्पोर्ट चुकला म्हणूनही टेस्ट पडते, त्याला काही अर्थ नाही. मग दुरुस्ती लाव. टेस्ट फोल्डरात रनटेस्ट्स नावाची स्क्रिप्ट आहे, ती मुळात एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसवर चालते, वेगळं काही उभारावं लागत नाही. तिला फक्त तुझ्या फाइलचं नाव दे, काही सेकंदांत निकाल येतो. काम करताना तेवढंच चालव. पाठवण्याआधी मात्र एकदा सगळा संच चालवायचा. त्याला वेळ लागतो, तोवर चहा कर. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, मारियाडीबी, ओरॅकल या बाकीच्या डेटाबेसची चिंता तुझ्या बदलात करायला नको, तू डेटाबेसला हातच लावलेला नाहीस. जावास्क्रिप्टच्या टेस्ट वेगळ्या फोल्डरात आहेत, क्यूयुनिट या साधनावर चालतात, ब्राउझरमध्येही उघडता येतात.

टेस्टच्या लिखाणाच्या काही रीती आहेत, त्या त्यांच्या नियमावलीतूनच सांगते. टेस्टच्या वर्णनात ‘हे तपासते की’ अशी प्रस्तावना करायची नाही, अपेक्षित वागणूक थेट लिहायची. एरर येते एवढंच पाहून थांबायचं नाही, एररचा मजकूरही जुळवायचा, म्हणजे भलत्याच कारणाने आलेली एरर टेस्ट पास करून जात नाही. खरं-खोटं तपासताना ‘खऱ्यासारखं काहीतरी’ चालत नाही, नेमकं ट्रू किंवा फॉल्सच आलं का ते बघायचं. या सगळ्यांमागे एकच आग्रह आहे: टेस्ट ढिली नको.

नियमावलीतला कोडच्या शैलीचा भाग पाहून तू घाबरली असशील, पण तिथे घाबरण्यासारखं खरंच काही नाही. जँगोने फेब्रुवारी २०२२ मध्ये सगळा पायथन कोड ब्लॅक या साधनाने नव्याने मांडला. तेव्हापासून ओळ कुठे तोडायची, अवतरण एकेरी की दुहेरी, यावर कुणी कुणाशी वाद घालत नाही. ब्लॅक, आयसॉर्ट आणि फ्लेक-एट ही तिन्ही साधनं प्री-कमिटमधून बसवून घे, कमिट करताना ती आपोआप चालतील. कोडची ओळ ८८ अक्षरांची, टिप्पण्या आणि डॉकस्ट्रिंग (फंक्शनचं वर्णन) ७९ च्या आत. टिप्पण्यांमध्ये ‘आम्ही इथे असं करतो’ असा सूर नको, थेट काय होतं ते. आणि ज्या वाक्यांचं भाषांतर व्हायचं असतं तिथे एफ-स्ट्रिंग (वाक्यातच बदलती किंमत भरायची पायथनची रीत) वापरायची नाही, कारण भाषांतरासाठी वाक्यं गोळा करणाऱ्या साधनाला ती पकडता येत नाही. उरलेलं साधनं सांगतील.

आता तिकिटाचं. नुसत्या टायपिंगच्या चुकांसारख्या किरकोळ बदलांना जँगोत तिकीट लागत नाही, बाकी सगळ्याला लागतं. तिकिटं ट्रॅक या जँगोच्या दोषनोंदीच्या साइटवर असतात, गिटहबवर फक्त पुल रिक्वेस्ट. नवं तिकीट उघडायच्या आधी जुनी चाळ. बंद झालेलीही चाळ. एखाद्या बंगाली किंवा तमिळ माणसाने हेच आधी मांडलेलं असू शकतं, आणि त्यावर झालेली चर्चा तुझ्या दृष्टीने सोनं आहे. तिकिटात मराठीची कैफियत मांडू नकोस. तीन उदाहरणं दे, आजचं उत्तर, हवं ते उत्तर, कारण, आणि हा दोष तीन ठिकाणी आहे हे: फंक्शन, व्हॅलिडेटर, जावास्क्रिप्ट. ‘पुणे’ आणि ‘पाणी’ यांचा स्लग एकच होतो हे वाक्य नक्की लिही. लिपी न येणाऱ्यालाही ते भिडेल, कारण दोन वेगळ्या बातम्यांचा एकच पत्ता होणं ही कुठल्याही भाषेत अडचणच आहे.

तिकीट आधी ‘न तपासलेलं’ असतं, मग कुणीतरी ते ‘स्वीकारलं’ म्हणून खूण करतं. कोड पाठवायची घाई त्याआधी करू नकोस, कारण तुझ्या बदलात एक खरी अडचण आहे. स्लगिफाय जगभरातल्या साइट वापरतात. काही साइट दर वेळी सेव्ह करताना स्लग नव्याने काढतात, काही जण आलेला यूआरएल शीर्षकाच्या स्लगशी ताडून बघतात. उत्तर बदललं की त्यांचे जुने दुवे तुटतील. पूर्वी स्लगच्या दोन्ही टोकांचे डॅश आणि अंडरस्कोअर काढायचा बदल झाला, तेव्हा तोसुद्धा रिलीज नोट्समध्ये जुन्याशी न जुळणाऱ्या बदलांत नोंदवला गेला. तुझा बदल त्याहून मोठा आहे. तेव्हा ‘नवा पर्याय द्यावा का’, ‘आधी काही आवृत्त्या सूचना द्यावी का’ असे प्रश्न येतील. जँगोत एखादी गोष्ट मोडीत काढायची तर किमान दोन फीचर रिलीज (नव्या सोयी आणणाऱ्या आवृत्त्या) आधी सूचना द्यायची रीत आहे, आणि फीचर रिलीज साधारण आठ महिन्यांनी येते. या प्रश्नांवर तुझं मत तयार ठेव. आणि रिलीज नोट, डॉक्युमेंटेशन हे त्याच पुल रिक्वेस्टचा भाग असतात, नंतर देते म्हणून चालत नाही.

कमिटचा मजकूर भूतकाळात, सुरुवातीला तिकिटाचा क्रमांक, शेवटी पूर्णविराम. आपल्या तिकिटाला ‘चेक-इनसाठी तयार’ अशी खूण आपणच करायची नाही, ते दुसऱ्याने करायचं. उत्तराला उशीर झाला तर मनाला लावून घेऊ नकोस. जँगो सॉफ्टवेअर फाउंडेशन २०१४ पासून ‘फेलो’ म्हणून मोजकी माणसं मानधनावर ठेवते, बाकी सारे नोकरी सांभाळून हे करतात. तुझा बदल लहान, टेस्टसकट आणि एकाच विषयाचा असेल तर त्यांचा वेळ वाचतो आणि तुझा नंबर लवकर लागतो.

मित्राचा सल्ला मला पटत नाही, आणि त्याचं कारण तुझ्याच उदाहरणात आहे. तुझा कोड दाखवून एआयला टेस्ट मागितलीस तर बहुधा तो कोड आज जे उत्तर देतो तेच ‘अपेक्षित’ म्हणून लिहून येईल. दंड यूआरएलमध्ये जात असेल तर टेस्टही म्हणेल, दंड हवाच. आडव्या र चा प्रश्न तुला पडायला हवा होता, कारण तू रोज तो लिहितेस. साच्याचा भाग, फाइल कुठे, क्लास कसा, हे विचारून घ्यायला हरकत नाही. पण उदाहरणं आणि अपेक्षित उत्तरं तुझी असू देत. तपासणारा विचारील, हे उत्तर असंच का? त्या वेळी तुला सांगता आलं पाहिजे.

टीम लीडचं निम्मं बरोबर आहे. साप्ताहिक थांबू शकत नाही. आज बदल स्वीकारला गेला तरी तो पुढच्या फीचर रिलीजमध्ये येईल, तेव्हा तुमच्या प्रोजेक्टमध्ये स्वतःचं स्लग फंक्शन आणि त्याच्याशी जुळणारा व्हॅलिडेटर लिहून टाक. जुन्या बातम्यांचे स्लग बदलू नकोस, लोकांनी शेअर केलेले दुवे मरतील, नवं फंक्शन नव्या बातम्यांनाच लाव. जँगोचा पाथमधला ‘स्लग’ कन्व्हर्टर, म्हणजे आलेल्या यूआरएलमधला स्लग ओळखणारा भाग, फक्त इंग्रजी अक्षरं, इंग्रजी अंक, डॅश आणि अंडरस्कोअर घेतो, त्यामुळे तिथेही तुला वेगळा कन्व्हर्टर लागेल. पण ‘मोकळी हो’ हे मला मान्य नाही. जँगोचा जन्मच एका वर्तमानपत्रात झाला, कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या दैनिकात, आणि जुलै २००५ मध्ये त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं केलं. आज सांगलीचं साप्ताहिक त्यावर चालतंय. तुमच्या प्रोजेक्टसाठी लिहिलेल्या फंक्शनच्या टेस्ट हीच तुझी पुल रिक्वेस्टची तयारी समज, म्हणजे एकच काम दोनदा होणार नाही.

नकारही येऊ शकतो, हे आधीच सांगते. ‘करणार नाही’ असा शेरा मारून तिकीट बंद झालं तर ते लगेच पुन्हा उघडायचं नसतं, आधी चर्चेत मांडायचं आणि इतरांचं मत जमवायचं. मूळ दोष पायथनचा आहे, तिथेच सुधारा, असंही म्हणतील. तसं झालं तर तुझं फंक्शन टेस्टसकट छोटं पॅकेज म्हणून प्रसिद्ध कर. बंगाली आणि कन्नडवाले त्यात आपापली उदाहरणं घालतील, आणि पुढच्या वेळी जँगोकडे जाताना तुझ्या हातात एकट्या मराठीपेक्षा खूप जास्त असेल. एकटीने वाट काढणं जड वाटत असेल तर जँगोनॉट स्पेस नावाचा मार्गदर्शनाचा उपक्रम आहे. नव्या लोकांना छोट्या गटात घेऊन जँगोत योगदान कसं द्यायचं ते शिकवतात. अर्ज करून बघ.

राहिलं भाषांतर. ते या पुल रिक्वेस्टमध्ये अजिबात टाकू नकोस, आणि वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्येही नको. जँगोची भाषांतरं ट्रान्सिफेक्स या भाषांतराच्या साइटवर होतात. तिथे मराठीचा गट आहे, त्यात सामील हो आणि राहिलेली वाक्यं तिथेच भर, ती पुढे मूळ कोडमध्ये आणली जातात. तारीख, वेळ आणि आकडे एखाद्या भाषेत कसे दिसावेत हे ठरवणाऱ्या फॉरमॅट्सच्या फाइल मात्र कोडमध्येच असतात. मराठीच्या बाबतीत तिथे काही खटकलं तर त्यासाठी नेहमीसारखं वेगळं तिकीट उघड.

तिकिटाचा मसुदा लिहून झाला की मला पाठव. मी वाचून देईन.

– तुझी ताई